संतापाला आलेला भाव

माणसाने किती आणि कुणावर संतापावे, हे पूर्वी घरातली वडीलधारी मंडळी ठरवीत. आता ते खाते टीव्हीकडे गेले आहे. हे असे होणार, हे ‘नेटवर्क’ नावाच्या अमेरिकन सिनेमाने १९७६ सालीच सांगून ठेवले होते. त्याच साली आपल्या दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. योगायोग, दुसरे काय!

पॅडी चायेफ्स्कीने लिहिलेल्या आणि सिडने ल्युमेटने दिग्दर्शित केलेल्या या सिनेमात हॉवर्ड बील नावाचा बातम्या देणारा गृहस्थ आहे. प्रेक्षक घटले म्हणून त्याला नारळ मिळतो. तेव्हा तो भर बातम्यांत जाहीर करतो, की पुढच्या आठवड्यात मी इथेच गोळी झाडून घेणार! आपल्याकडे अशा माणसाला आधी चहा पाजतील, मग डॉक्टरकडे नेतील. तिथे प्रेक्षकांचा आकडा वाढतो. झाले! डोके फिरलेल्या माणसाला औषधाऐवजी स्वतंत्र कार्यक्रम मिळतो. तो सांगतो, खिडक्या उघडून ओरडा. लोक ओरडतात. पुढे त्याचाही भाव उतरतो, तेव्हा कंपनीचेच साहेब त्याला कॅमेऱ्यासमोर मारवतात. बील रंगवणाऱ्या पीटर फिंचला ऑस्कर मिळाले, पण मरणोत्तर. १९७७च्या जानेवारीतच तो गेला होता.

आमच्या शेजारच्या अण्णांना मी ही गोष्ट सांगितली. अण्णा म्हणाले, “खिडकीत ओरडले ते ठीक. पण पुढे काय केलं त्यांनी?”

“पुढे काय? पुन्हा टीव्हीपुढे बसले.”

“मूर्ख लेकाचे!” अण्णा म्हणाले आणि रात्रीची चर्चा लावून बसले.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीत तीन दिवस पाणी नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज एकेक बादली जिन्याने वर नेत होत्या. मी अर्ज घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरलो. घराघरांत लोक संतापलेले होते. पण कुठल्याशा परदेशी पंतप्रधानावर! पाण्यासाठी संताप कुणाकडे शिल्लकच नव्हता. सगळा रात्री नऊच्या चर्चेत खर्ची पडलेला. बीलच्या साहेबांची खरी कमाई ही, बरे का. आपला राग ते आपल्याकडून फुकट घेतात, साबणवाल्याला विकतात आणि जिन्यातल्या आजींसाठी काही उरू देत नाहीत.

अण्णांनी मात्र सही केली. अगदी मनापासून केली.

जाहिराती लागल्यावर.