अर्थिंगला एक तांब्या पाणी

उन्हं कलली की आजी दोन तांबे भरून घ्यायची. एक तुळशीला, दुसरा परसातल्या कोपऱ्यात पुरलेल्या अर्थिंगला. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या मानवतची जमीन काळी, कापसाची. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेल्या पत्र्यापासून माती सुटून बाजूला होते. मग गळक्या विजेला जमिनीत उतरायला वाट उरत नाही. टेबलफॅनच्या जाळीला हात लागला की झिणझिण्या, फ्रीजचं दार उघडलं की झिणझिण्या. वायरमन मामांनी आजीला एकदाच सांगितलं होतं, "माय, माती ओली ऱ्हायली पाहिजे बघा." तेवढं तिला पुरलं. मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिचा एक दिवस चुकत नसे.

तुमच्याही परसात असा एखादा कोपरा असेल. नसेल तर शेजारच्या काकूंच्या परसात नक्की असेल.

आमच्या गल्लीत विजेवरची जी जी वस्तू आली, ती लांबून आली. कुणी हैदराबादेहून आणली, कुणी औरंगाबादेहून, कुणाचा भाऊ पुण्याला नोकरीला होता त्याने मानवत रोड स्टेशनवर उतरवली आणि तिथून पोत्यात गुंडाळून, मांडीवर धरून गावात आणली. बनवणाऱ्यांनी ती चांगलीच बनवलेली असे. पण त्यांनी मानवतचं ऊन पाहिलेलं नव्हतं, इथलं संध्याकाळचं व्होल्टेज पाहिलेलं नव्हतं, जिनिंगमधून उडत येणारी रुई, मृगातल्या विजा, भिंतीवरच्या पाली, यातलं काही पाहिलेलं नव्हतं. नव्या सुनेला घराची रीत समजवावी तशी त्या वस्तूला गावाची रीत शिकवावी लागे. ते काम मिस्तरीचं आणि घरातल्या सगळ्यांचं.

पहिला आला रेडिओ. व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा, समोर जाळीचं कापड लावलेला. बटण फिरवलं की लगेच बोलत नसे. आतल्या काचेच्या नळ्या आधी तांबूस व्हायच्या, मग घसा खाकरल्यासारखा आवाज, मग माणूस. त्याचं लायसन पोस्टात काढावं लागे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे, ती एरियल. तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत हा घरातला पहिला तांत्रिक नियम. १९६८ साली परभणी आकाशवाणी सुरू झाली आणि लांबच्या खरखरीतून शब्द वेचून ऐकायचे आमचे दिवस संपले. आपल्या बोलीतला माणूस आपल्या जिल्ह्यातून बोलतोय, हे आमच्या आबांना बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

मग ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टर म्हणजे खरं तर आतला तो तीन पायांचा एवढासा भाग, १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेला. आमच्या लेखी मात्र ट्रान्झिस्टर म्हणजे भोकाभोकांच्या चामडी पिशवीतला, खांद्याला अडकवून आखाड्यावर नेता येणारा रेडिओ. तो उभा ठेवला तर आवाज बारीक, आडवा करून जरा परभणीकडे फिरवला की मोठा. आत काळ्या दांडीवर तारेची कॉइल गुंडाळलेली असते आणि तिला दिशा कळते, हे मिस्तरीने मागचं झाकण उघडून दाखवलं तेव्हा आम्ही आठ-दहा पोरं त्याच्या डोक्याशी डोकं लावून बसलो होतो. सेल उतरले की टाकून द्यायचे नाहीत. ओसरीच्या कट्ट्यावर पापडांच्या शेजारी उन्हात मांडायचे. उन्हात तापले की त्यांच्यातली मरगळ थोडी जायची आणि एखाद-दुसऱ्या संध्याकाळच्या बातम्या निघायच्या. डायलचा दोरा तुटला तर शिवणाचा दोरा मेण लावून ओवायचा. कॅसेटची फीत सैल पडली तर पेन्सिल. टेपचा आवाज बसला तर बोटाला कापूस गुंडाळून, स्पिरिटचा थेंब लावून हेड पुसायचं. कापसाला आमच्या गावात काय तोटा!

टीव्हीने आम्हाला खरं व्होल्टेज शिकवलं. १९८२च्या आशियाई स्पर्धांबरोबर देशात रंगीत टीव्ही आला. आमच्या गल्लीत तेव्हा काळा-पांढरासुद्धा एकाच घरी होता आणि १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की त्या घराचा उंबरा दिसत नसे. अडचण संध्याकाळची. रब्बीला पाणी द्यायला शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातल्या दिव्याची तार निखाऱ्यासारखी लाल दिसायची. ट्यूबलाइट पेटायची नाही, नुसती दोन्ही टोकांना मिचमिचायची. टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसत जायचं आणि बातम्या देणारी बाई मध्येच बुटकी होऊन जायची.

म्हणून स्टॅबिलायझर. लोखंडी पेटी, वर काटा, आत एकच जाडजूड ट्रान्सफॉर्मर. त्याच्या गुंडाळीतून ठिकठिकाणी तारा बाहेर काढलेल्या. येणारी वीज पडली की रिले टक् करून पुढची तार धरतो, चढली की टक् करून मागची सोडतो. त्या टक्-टक्वरून आजी स्वयंपाकघरातून सांगायची, "मोटारी लागल्या वाटतं." पुढे टीव्हीतच नव्या तऱ्हेचा वीजपुरवठा आला, ज्याला मिस्तरी एसएमपीएस म्हणतात. तो येणारी वीज आधी सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवी तेवढीच पुढे देतो. त्यामुळे नव्वद व्होल्टपासून पावणेतीनशेपर्यंत काहीही आलं तरी चित्र हलत नसे. जाहिरातींत हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असे आणि आमच्याकडे लोक टीव्ही घेताना रंगाच्या आधी तो आकडा विचारत. कुणीतरी, कुठंतरी, आमची संध्याकाळ लक्षात घेऊन वस्तू बनवली होती. याचा फार आनंद वाटला होता, तो अजून आठवतो.

अशीच आणखी एक गोष्ट. टेलिफोनची परदेशी एक्स्चेंजं थंडगार खोली मागायची. १९८४ साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. तिच्या तरुण इंजिनियरांनी १२८ लाइनींचं लहान एक्स्चेंज बनवलं, तेही एसी नसलेल्या खोलीत, आपल्या धुळीत आणि उकाड्यात चालेल असं. १९८६ साली ते पहिल्यांदा लागलं कर्नाटकातल्या कित्तूरला. पुढच्या काळात खेड्याखेड्यांत पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उभे राहिले, त्यामागे ही मेहनत होती. यंत्राला गावात आणून गावाला दोष देत बसण्यापेक्षा गाव बघून यंत्र बनवावं, असं ज्यांना सुचलं त्यांचे उपकार आहेत.

मिस्तरीचं दुकान म्हणजे सहा बाय आठची जागा. फळीवर पोट उघडे पडलेले रेडिओ, त्यांना सुतळीने बांधलेल्या चिठ्ठ्या, राळेचा वास, आणि टेबलावर तो सिरीजचा दिवा. दुरुस्त केलेली वस्तू थेट विजेला लावायची नाही, शंभरच्या बल्बमागून लावायची. बल्ब भक्कन पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद लागला तर ठीक. वीस रुपयांत एवढं इमानदार यंत्र दुसरं नव्हतं. वस्तूला थाप मारली की चालू होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. का होते ते मिस्तरीला माहीत होतं. कथील-शिशाचा डाख जिथं दिलाय तिथं बारीक तडा जातो. वस्तू तापली की डाख फुगून दूर जातो, थापेने पुन्हा टेकतो. भिंग लावून तो तडा शोधायचा, राळ लावून डाख पुन्हा द्यायचा, की वस्तू पुढची दहा वर्षं बोलती.

उन्हाळ्यात त्याच्याकडे सगळ्यात जास्त यायचे ते फुगलेले कंडेन्सर. त्यांच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो आटतो. दर दहा अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं. कंडेन्सरच्या अंगावर ८५ अंश लिहिलेलं असतं किंवा १०५. त्या पाच-दहा पैशांच्या फरकासाठी बनवणाऱ्याने पंच्याऐंशीचा टाकलेला असायचा. मिस्तरी पोऱ्याला ओरडून सांगायचा, "पंच्याऐंशीवाला नको रे, एकशेपाचवाला काढ. मानवत आहे हे." मला तर हे वाक्य एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजच्या भिंतीवर लिहावंसं वाटतं.

मृगाचं आभाळ भरून आलं की गल्लीभर एकच ओरडा: "वायर काढा!" अँटिनाची वायर काढून खिडकीबाहेर टाकायची, पिना उपसायच्या, मग पापड-कुरडया आत घ्यायच्या. हा क्रम होता. पुढे फोनवरून इंटरनेट आलं तेव्हा या ओरड्यात मोडेमची भर पडली, कारण वीज खांबावर पडली नाही तरी लांबलचक तारेतून तिचा झटका यायचा आणि मोडेम काळा पडायचा.

कॉम्प्युटर आला तो आधी क्लासात. २००१ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी सुरू झाला आणि दोन-चार वर्षांत घराघरातलं एक तरी पोर तिकडे जाऊ लागलं. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडक्यांना जाड पडदे, आत पाणपोईसारखा गारवा. चपला काढायचं कारण देवघरासारखं सांगितलं जाई, पण खरं कारण धूळ. त्या धुळीहून वाईट रुई. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम लागला की हवेत न दिसणारी तूस तरंगते. ती डब्याच्या जाळीतून आत ओढली जाते आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली वाकळेसारखा थर धरते. पेन्टियम फोरसारखे गरम डोक्याचे प्रोसेसर त्या वाकळेखाली गुदमरून आपोआप बंद पडायचे. उपाय सायकलच्या दुकानातला पंप. "लाव बरं पंप," म्हणायचं आणि डबा अंगणात नेऊन फुंकून काढायचा. चालू केल्यावर नुसताच बीप-बीप वाजला तर रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरने घासायचे. घड्याळ सारखं मागे पळू लागलं तर बोर्डावरचा रुपयाएवढा सेल बदलायचा. वीजपुरवठ्याच्या डब्यात उबेला पाल शिरली तर तो दिवस त्या डब्याचाही शेवटचा. आणि भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस नावाची ती शिट्टी मारणारी पेटी आम्हाला सांगायची की जे लिहिलंय ते जतन करायला तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत.

मराठी उमटवणं हे वेगळेच कष्ट. पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघाली. तिचा ‘परम’ महासंगणक १९९१ साली आला, त्याचा अभिमान पेपरातून वाचला. पण आमच्या कामाचं होतं ते जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरला त्याची सुरुवात झाली आणि सी-डॅकने ते वाढवलं. त्या काळच्या कॉम्प्युटरला देवनागरी यावी म्हणून त्याच्या पोटात एक अख्खं कार्ड खोचावं लागे. काना-मात्रा-वेलांटीसाठी लोखंड-तांब्याची पाटी! आज नातू फोनवर अंगठ्याने ‘आजी जेवली का’ लिहितो, तेव्हा मला ते कार्ड आठवतं.

फोनचं कौतुक आहेच. त्याचा चार्जर शंभर ते दोनशेचाळीस व्होल्टवर चालतो, खोलीतला स्टॅबिलायझर कधीच भंगारात गेला. पण फोनला मागून स्क्रू नाहीत. काच गोंदाने चिकटवलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली. युरोपने २००६पासून विजेच्या वस्तूंतलं शिसं बंद केलं आणि हळूहळू जगभरचा डाख बदलला. तब्येतीसाठी ते बरंच झालं, शिसं मिस्तरींनी आयुष्यभर हाताळलं होतं. पण नवा डाख वितळायला जास्त ताप मागतो, आणि चिपचे पाय आता तिच्या पोटाखाली गोळ्यांच्या रूपात दडलेले असतात. भिंग लावून तडा दिसत नाही. मिस्तरीच्या मुलाने परभणीहून गरम हवेची मशीन आणली आहे, सूक्ष्मदर्शक घेतलाय, आणि तो अजूनही बोर्ड जिवंत करतो. तरी बरीच गिऱ्हाइकं वस्तू त्याच्यापर्यंत आणतच नाहीत. नवी घेतात.

आजी गेल्याला बरीच वर्षं झाली. अर्थिंगचा खड्डा तिथंच आहे. या वैशाखात मी दुसरा तांब्या ओतायला सुरुवात केली आहे. तुम्हीही ओता. आणि माळ्यावर जुना रेडिओ पडला असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी सेल काढून मागचे चार स्क्रू खोला, घरातल्या पोरांना जवळ बसवा, ती काळी दांडी आणि तिच्यावरची कॉइल दाखवा. सेलवरचा रेडिओच उघडा. जुना टीव्ही उघडू नका, त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये पीन काढल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहतात. त्याला मिस्तरीच लागतो.