काकूच्या ट्रंकेतली पट्टी

दादाची ईसीजीची पट्टी काकूने १६ वर्षं ट्रंकेत ठेवली होती, त्याच्या कबड्डीच्या बनियनच्या घडीत. तो कागद उजेडात राहिला की फिका पडत जातो. अंधारात होता म्हणून त्यावरच्या रेषा टिकल्या, आणि त्या टिकल्या म्हणून मी आज हे लिहितो आहे.

दादा, माझा चुलतभाऊ, २४व्या वर्षी खेळता खेळता मैदानावरच गेला. दोन महिने आधी त्याला चक्कर आली होती, तेव्हा काढलेली ही पट्टी. अशक्तपणा आहे म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. गाव म्हणालं, नजर लागली. काकू काहीच बोलली नाही.

माझं ३९व्या वर्षी सुरू झालं. जिना चढताना ठोके २१०वर गेले. व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटलेली बेलगाम लय. छातीत डीफिब्रिलेटर बसवला. एका रात्री त्याने तीन झटके दिले, तेव्हापासून मला डोळे मिटायचीच भीती वाटू लागली. मग मांडीतल्या शिरेतून कॅथेटर नेऊन आतल्या बाजूने अॅब्लेशन झालं: व्रणाच्या फटींतून वीज जिथे गोल गोल फिरते, तेवढा स्नायू उष्णतेने निकामी करायचा. पाच महिन्यांत व्हीटी परत आली. उजव्या कप्प्यावरचा व्रण कशाचा, यावर एकमत नव्हतं. क्षयाचीही शंका निघाली.

तेव्हा काकू एसटीने पुण्याला आली. पिशवीतून पट्टी काढून म्हणाली, "ही डाक्टरीणबाईस्नी दाव. मला वाचता येत न्हाई, त्यास्नी येतं."

डॉक्टरबाईंनी दादाची पट्टी माझ्या पट्टीशेजारी ठेवली. छातीवरच्या पहिल्या तिन्ही लीडमध्ये टी-लहर दोघांचीही उलटी. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. पुढे जनुकीय तपासणीने नाव पक्कं केलं, एआरव्हीसी. स्नायूपेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी प्रथिनंच सदोष, म्हणून स्नायू झिजतो आणि जागोजागी चरबी व व्रण भरतात. हा व्रण बहुधा हृदयाच्या बाहेरच्या अंगाने सुरू होऊन आत सरकतो. माझं अॅब्लेशन आतून झालं होतं.

बाहेरून जायची वाट ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या डॉ. एदुआर्दो सोसा यांनी दाखवली. छातीच्या हाडाखालून सुई घालून हृदयाभोवतीच्या पिशवीत शिरायचं, हे तंत्र त्यांनी १९९६मध्ये मांडलं. त्यांचे रुग्ण शागास रोगाचे होते. मातीच्या भिंतींच्या फटींत राहणाऱ्या किड्यामुळे पसरणारा हा गरिबांचा आजार. ज्यांच्या अंगावर ही वाट पहिल्यांदा चालली गेली, त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. काकूला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यास्नी बी आई असंल की."

दुसरं अॅब्लेशन बाहेरून झालं. दोन वर्षांत झटका नाही. आजार आहेच, गोळ्या आहेत, डीफिब्रिलेटरही राहील. काकूने मूळ पट्टी परत मागून घेतली, दवाखान्यात झेरॉक्स ठेवली.

जोरकस व्यायामाने हा आजार बळावतो. दादा रोज पहाटे पळायला जायचा, आणि त्याला चारला उठवायची काकू. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

गावी गेलो की ती थांब्यावर आलेली असते. मी एसटीतून उतरताच लांबूनच ओरडते, "सावकाश ये. पळू नगंस."