तीसपैकी एकोणतीस

स्मरणशक्ती वाढविण्याचे उपाय सुबोध भाषेत आणि शक्य तितक्या आशादायक सुरात लिहावेत, अशी आज्ञा संपादकमहाशयांनी केली, तेव्हा असे उपाय माझ्या दप्तरी नाहीत हे मी त्यांना तत्काळ कळविले. तरीही त्यांनी आग्रह सोडला नाही, म्हणून हा प्रपंच. ज्या जिंकोच्या गोळ्यांची बाटली परदेशस्थ चिरंजीव आईवडिलांसाठी हमखास आणतात, त्या जिंकोची अमेरिकेत ३०६९ वृद्धांवर वर्षानुवर्षे परीक्षा होऊन, तो स्मृतिभ्रंश टाळीत नाही असा निर्वाळा २००८ सालीच मिळाला. बाटल्या मात्र अद्याप येतच आहेत.

म्हातारपणी शेजाऱ्याचे नाव ओठांवर येऊन अडावे, ही व्याधी नव्हे. आणि जेवण झाले की नाही याचेच भान नसावे, हे साधे विस्मरण नव्हे. या दोन मुलखांमधील सरहद्दीवर, जेथे कसोटीत उणीव दिसते परंतु मनुष्य आपला व्यवहार बहुतांशी आपणच सांभाळतो, जी अवस्था आहे तिला आम्ही सौम्य स्मृतिक्षीणता म्हणतो. मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ साली तिचे निकष घालून दिले. येथवर आलेला प्रत्येक जण पुढे जातोच असे नाही. कित्येक तेथेच राहतात, काही परतही येतात, विशेषतः ज्यांच्या विस्मरणाच्या मुळाशी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता, मनाची खिन्नता किंवा कोणी तरी केव्हा तरी लिहून दिलेली आणि कोणीच बंद न केलेली झोपेची गोळी असते.

‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली १४ धोके मोजून, ते सर्व समूळ नाहीसे करता आले तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा निदान लांबणीवर पडतील, असा अंदाज वर्तविला. हा हिशेब साऱ्या लोकसंख्येचा आहे. परंतु वृत्तपत्रांनी तो असा काही छापला की, फिरावयास जाणारे सद्गृहस्थ आपले किती टक्के जमा झाले हे विचारावयास माझ्याकडे येऊ लागले.

त्या यादीतील जी कलमे निर्विवादपणे उपयोगी, ती दुर्दैवाने रुक्ष आहेत. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्यास सौम्य स्मृतिक्षीणतेचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने घटते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. श्रवणयंत्राविषयी मात्र माझे मन अजून पुरते निःशंक नाही. २०२३ च्या चाचणीत सर्वांचा एकत्र हिशेब करता लाभ दिसला नाही, ज्यांना धोका अधिक होता अशाच गटात तो ठळकपणे दिसला. तरीही ऐकू न येणाऱ्याने यंत्र वापरावे असेच मी सांगतो, कारण जे कानी पडलेच नाही ते आठवणार कोठून? पण चष्मा मिरविणारी मंडळी यंत्राचे नाव काढताच म्हातारे ठरविल्यासारखी रुसतात.

आता शिक्षणाचे कलम, आणि येथे वाचकांनी माझ्या लांबणीस क्षमा करावी. अल्पशिक्षण हा धोका, असे यादी सांगते. परंतु शाळा मेंदूस बळ देते की केवळ आमच्या कसोटीस तोंड देण्याचा सराव देते? फोलस्टीन आणि सहकाऱ्यांच्या १९७५ च्या ज्या ३० गुणांच्या कसोटीवर आमचा सारा कारभार चालतो, तीत शंभरातून सात सात वजा करावे लागतात, वाक्य लिहावे लागते, पंचकोन काढावे लागतात. निरक्षर स्त्री तेथे आजारावाचूनच नापास होते. म्हणून तर बल्लभगढच्या खेड्यांत निराळी हिंदी कसोटी रचावी लागली. उलट, याकोव्ह स्टर्न यांच्या सिद्धांताप्रमाणे, विद्येचा साठा असलेला मेंदू आपली पडझड दीर्घकाळ झाकून ठेवतो, आणि मग उतार लागला की तो वेगाने लागतो. त्यातच सुवर्णा अल्लाडी यांच्या हैदराबादच्या अभ्यासाने २०१३ साली दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा प्रकटतो, आणि निरक्षरही त्यास अपवाद नाहीत. तो अभ्यास दवाखान्यात येऊन पोहोचलेल्यांचाच होता, हा आक्षेप मला मान्य आहे. शाळेवाचूनही मेंदूस व्यायाम घडतो, ही त्यातील सूचना मात्र मला मोलाची वाटते.

महसूल खात्यातील एक निवृत्त अव्वल कारकून सपत्नीक आले. चिरंजीवांनी आणले होते आईला. वडील केवळ सोबतीस. बाईंना १९ गुण मिळाले. मी आग्रह धरून वडिलांनाही बसविले, तर त्यांना २९. चिरंजीवांच्या मते प्रकरण निकालात निघाले. पण चौकशीअंती कळले की, दुधाचा हिशेब, कोणाच्या लग्नात कोणता आहेर आला, गॅस केव्हा संपेल, सारे बाईंच्या मुखोद्गत. आणि एके काळी गावोगावचे सर्व्हे नंबर तोंडपाठ असलेल्या रावसाहेबांचा बँकेचा कागद गेले वर्षभर शेजारी भरीत होता. रक्तदाब १७० च्या वर. मी गोळी सुरू केली आणि ती देण्याचे काम, चिरंजीवांच्या नापसंतीस न जुमानता, बाईंकडे सोपविले. अक्षरओळख नसल्याने त्या पाकिटाचा रंग पाहून देत.

पुढच्या खेपेस दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिल्याने रंग पालटला होता. बाईंनी ती यजमानांना दिली नव्हती. पाकीट पिशवीतून काढून “हे तेच का, बघा बरं,” म्हणून माझ्यापुढे ठेवले. रावसाहेबांनी ते उचलले, त्यावरील इंग्रजी नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख खणखणीत आवाजात बिनचूक वाचून दाखविली, आणि हे औषध घरात कोण घेते, असे पत्नीस विचारले.