‘आपण’ आणि ‘आम्ही’

दापोड्यात संध्याकाळ होते ती कंटेनरांच्या रांगेने. माणकोली नाक्याकडून आलेली अवजड वाहने गोदामांच्या दारांशी लागतात, हमालांची पाळी बदलते आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर आमची बैठक जमते. आम्ही म्हणजे सात-आठ जण. कुणी गोदामात सुपरवायझर, कुणी स्वतःचा टेम्पो चालवणारा, कुणी भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा. आणि आमच्यातले दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतात. विषय मात्र गेली कित्येक वर्षे एकच आहे. कोण फॉर्मात आहे, कर्णधार कोण असावा आणि खरे क्रिकेट कोणते: पाच दिवसांचे, पन्नास षटकांचे की वीस?

या वादांची एक गंमत अशी की ते कधी निकालात निघत नाहीत, आणि निघू नयेत अशीच सर्वांची इच्छा असते. उदाहरणार्थ, प्रकारांचा वाद. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी तो सुनील गावस्करवर आणून ठेवला की तरुण मंडळी सावरून बसतात. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी, इंग्लंडच्या ६० षटकांतल्या ३३४ धावांना उत्तर देताना गावस्कर १७४ चेंडू खेळून ३६ धावांवर नाबाद राहिला. भारताच्या धावा झाल्या ३ बाद १३२. ‘त्याला हा प्रकार कळलाच नाही’ हा निकाल तेव्हाच लागला होता. पुढे ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात, अंगात ताप असताना, त्याच गावस्करने न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्याचे हे एकमेव शतक. म्हणजे निकाल फिरला म्हणावे, तर पाचच दिवसांनी वानखेडेवर उपांत्य सामन्यात तो ४ धावांवर त्रिफळाचीत झाला आणि तोच त्याचा अखेरचा एकदिवसीय सामना ठरला. माणूस तोच, प्रकार तोच, आठवडाही तोच. फॉर्म या शब्दाने नेमके काय मोजायचे, असा प्रश्न इथे कुणीतरी टाकतो आणि चहाची दुसरी फेरी येते.

कर्णधाराचा वाद सुरू झाला की अजित वाडेकर हमखास येतो. १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडीच्या जागी तो कर्णधार झाला आणि त्याच वर्षी वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत भारताने पहिल्यांदा मालिका जिंकल्या. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये भारत तिन्ही कसोटी हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद झाला. परतल्यावर वाडेकरला पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्याने निवृत्ती पत्करली. अवघ्या तीन वर्षांचे हे अंतर. ही हकीकत आमच्या बैठकीत दर हिवाळ्याला एकदा तरी सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी आम्ही सगळे वाडेकरच्या बाजूचे असतो.

आता मुद्द्याकडे येतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे असेल तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचे असेल तर ‘आम्ही’. टपरीवर आमच्याशी वाद घालणाऱ्या उत्तर प्रदेश-बिहारच्या हमालबांधवांच्या ‘हम’ला ही सोय नाही. मराठीत वाक्याच्या पहिल्याच शब्दाला ठरवावे लागते की समोरचा माणूस आत आहे की बाहेर. क्रिकेटच्या बोलण्यात आम्ही हे सर्वनाम किती सैल वापरतो ते पाहण्यासारखे आहे. ‘परवा आपण जिंकलो’ आणि ‘काल त्यांनी माती खाल्ली’ ही दोन वाक्ये एकाच संघाविषयी, एकाच तोंडून, दोन दिवसांच्या अंतराने येतात. समीक्षेतही फार वेगळे घडत नाही. निबंधमालेच्या काळापासून समीक्षक आणि संपादक ‘आम्ही’ लिहीत आले. आमच्यातले दोघे विद्यार्थ्यांना शिकवतात की परीक्षण लिहिताना वाचकाला सोबत घ्यावे, ‘आपल्याला असे दिसते’ असे म्हणावे. त्या ‘आपल्या’त लेखक बहुधा नसतो. दोन पुस्तके साधारण निघाली की ‘तो संपला’ असे आपण ठरवतो, तेही तो हजर नसताना.

हे सगळे सुचले ते एका घटनेमुळे. आमचा टेनिस चेंडूचा संघ होता. आठ षटकांचे सामने. भातकापणी झाली की डिसेंबरात गावाकडेच्या एका शेतातले बुडखे काढून, बांध सपाट करून, पाणी मारून खेळपट्टी केली जाई. भिवंडी तालुक्यात गावोगावी असेच होत आले आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि नाशिक महामार्गाच्या जवळ असल्याने इथे गोदामे आली. २०१७ मध्ये जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. शेते आणि त्यांच्यासोबत मैदाने कमी होत गेली. आमचे एक टिकले होते. अकरा वर्षे त्या संघाचा कर्णधार असलेल्या माणसाला आम्ही दादूस म्हणत असू.

१५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला काढून हार्दिक पंड्याला कर्णधार केले. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पाच चषक जिंकून देणाऱ्याला बाजूला सारले, म्हणून टपरीवर महिनाभर संताप चालला होता. कृतघ्न, व्यापारी, हिशेबी असे सगळे शब्द वापरून झाले. याच महिन्यात आमचे सामने सुरू झाले. दादूसने तीन सामन्यांत ४, ० आणि ७ धावा केल्या. शिवाय एका पोराला त्याने पुन्हा शेवटचे षटक दिले, ज्याने आदल्या सामन्यात शेवटच्याच षटकात सामना घालवला होता. दादूस कामासाठी बाहेरगावी गेला असताना आम्ही टपरीवर बसून ठरवले की आता नवा कर्णधार हवा. त्याच बाकावर, रोहितवरचा अन्याय बोलून झाल्यावर. आमच्यापैकी कुणालाही त्यात विसंगती दिसली नाही, हे आज लिहिताना नोंदवलेच पाहिजे.

सांगण्याची कामगिरी आमच्यातल्या दोन मराठीच्या प्राध्यापकांवर आली, कारण ‘तुम्ही नीट बोलाल’. नीटच बोलले गेले. ‘दादूस, आम्ही असे ठरवले आहे की...’ अशी सुरुवात झाली. दादूसने वाक्य पुरे होऊ दिले. मग एवढेच विचारले, “आम्ही म्हंजे कोन?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याने किटच्या पेटीची किल्ली काढून दिली. दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला आणि नव्या पोराच्या हाताखाली सीमारेषेवर उभा राहिला.

१ एप्रिल २०२४ ला मुंबई आणि राजस्थान यांच्यातला सामना आम्ही टपरीवर एका मोबाइलभोवती गोळा होऊन पाहिला. वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळीच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. आम्हाला बरे वाटले. दादूस म्हणाला, “त्यानी काय चोरली काय? त्याला दिली, त्यानी घेतली.” तोवर आमच्या नव्या कर्णधारानेही दोन सामने हरले होते आणि त्याच्याविषयी कुजबुज सुरू झाली होती. त्या वाक्यात कुणाची बाजू घेतली गेली हे आम्हा सर्वांना कळले. त्याही वेळी कुणी काही बोलले नाही.

२९ जूनला बार्बाडोसचा अंतिम सामना झाला. विराट कोहलीच्या त्या स्पर्धेतल्या आधीच्या सात डावांत मिळून ७५ धावा होत्या. आमच्या बैठकीने त्याला केव्हाच वगळले होते. रोहितने वगळले नाही, आणि त्या दिवशी कोहलीने ७६ केल्या. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या; चेंडू हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला. भारत ७ धावांनी जिंकला. ‘आपण जिंकलो’ असा ओरडा झाला. या वेळच्या ‘आपण’त हार्दिकही आला होता, तीन महिन्यांपूर्वी ज्याची हुर्यो ऐकून आम्ही खूश झालो होतो तोच. पाच दिवसांनी वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. त्याला परत आत घ्यायला लोकांना एक जागा मिळाली आणि एक षटक मिळाले.

आम्हाला ती सवलत मिळाली नाही. पुढच्या डिसेंबरात आमच्या शेतावर नव्या गोदामासाठी भराव पडला. संघ मोडला. कर्णधारपद चुकीने काढले असे कबूल करायचे झाले तरी परत द्यायला ते शिल्लक नव्हते. मुळात काढणे चुकीचे होते का, हेही आम्ही आजवर छातीठोकपणे सांगू शकत नाही. दादूसच्या धावा होत नव्हत्या, हे खरेच होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदिवसीय संघाचे कर्णधारपद रोहितकडून शुभमन गिलकडे गेले, तेव्हा टपरीवर वाद पुन्हा पेटला. आमच्यातला एक ‘आम्हाला विचाराल तर’ म्हणून सुरू झाला आणि दादूस समोर बसलेला पाहून मध्येच थांबला. दादूसनेच मग बदलाची बाजू मांडली. विश्वचषक २०२७ मध्ये आहे, नव्या पोराला वेळ मिळाला पाहिजे, हे त्याने हिशेबाने पटवले. शेवटी म्हणाला, “काढा. पन त्याला बसवून काढा.”

आमच्यातल्या दोघांनी वर्गात सर्वनामे अनेकदा शिकवली आहेत. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक प्रेमाचा किंवा मोठेपणाचा आहे, असे विद्यार्थी भाबडेपणाने लिहितात. फरक हजेरीचा आहे. ज्याच्याविषयी ठरते आहे तो त्या बाकावर बसलेला आहे की नाही, एवढाच. तो बसलेला असता तर निर्णय कदाचित तोच झाला असता. फक्त ‘आम्ही म्हंजे कोन?’ असे विचारायची वेळ त्याच्यावर आली नसती.

असो. टपरी अजून आहे, दादूसही रोज येतो. त्याच्या चहाचे पैसे त्याला कुणी देऊ देत नाही. त्याने काही भरून निघत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.