पाहण्याचा कार्यक्रम

आपल्या घरांतून 'पाहणे' या साध्या क्रियापदाला एक खास अर्थ चिकटलेला आहे. 'रविवारी पाहायला येणार आहेत' असे एखादी गृहिणी म्हणाली, की कोण येणार, कुणाला पाहणार आणि कशासाठी, हे कुणी विचारत नाही. घर आवरले जाते, ठेवणीतल्या कपबशा बाहेर निघतात, शेजारून दोन खुर्च्या येतात. अर्ध्या-पाऊण तासाच्या त्या बैठकीला आपण 'पाहण्याचा कार्यक्रम' म्हणतो. त्या बैठकीत खरोखर कोण कुणाला पाहतो, हा प्रश्न मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझ्या मनात तो आणला दोन चित्रपटांनी. एक तुर्कस्तानातला, दुसरा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला. दोन्ही २०२३ सालचे. एकात गुडघाभर बर्फ आहे, दुसऱ्यात कपाशीचे शेत आहे. आणि दोन्ही संथ आहेत.

तुर्की चित्रपटाच्या नावाचा अर्थ 'कोरड्या गवतांविषयी' असा होतो. दिग्दर्शक नुरी बिल्गे जेलान. 'विंटर स्लीप' या त्यांच्याच चित्रपटाला २०१४ साली कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मिळाला होता. हा नवा चित्रपट १९७ मिनिटांचा, म्हणजे सव्वातीन तासांहूनही थोडा मोठा आहे. पूर्व अनातोलियातल्या एका दूरच्या खेड्यात सामेत नावाचा चित्रकलेचा शिक्षक सक्तीच्या नेमणुकीवर आला आहे. ही चौथी हिवाळी सुट्टी संपवून तो परततो आणि इस्तंबूलला बदली होण्याची वाट पाहत दिवस काढतो. गाव बर्फाखाली गाडले गेलेले. माणसे शेगडीजवळ बसून चहा पितात आणि बोलतात, खूप बोलतात. सेविम नावाच्या एका हुशार विद्यार्थिनीवर या शिक्षकाची मर्जी असते. पुढे एका जप्त केलेल्या चिठ्ठीवरून दोघांत वितुष्ट येते आणि त्याच्यावर व त्याच्या सहकाऱ्यावर तक्रार दाखल होते. घटना म्हणाव्यात तर एवढ्याच.

तथापि मला या चित्रपटात खिळवून ठेवले ते वेगळ्याच धाग्याने. त्यातही एक 'स्थळ' आहे! नुराय ही दुसऱ्या शाळेतली शिक्षिका. एका बॉम्बस्फोटात तिने पाय गमावला आहे. ओळखीच्या माणसांनी सामेतची आणि तिची भेट घडवून आणलेली असते. त्याला वाटते, आपण तर इथून जाणार, आपल्याला काय करायचे. म्हणून तो आपल्याच खोलीत राहणाऱ्या केनान या सहकारी शिक्षकाशी तिची गाठ घालून देतो. त्या दोघांचे सूर जुळू लागले, की मात्र याला ती हवीशी वाटू लागते. नुराय दोघांनाही जेवायला बोलावते. सामेत ते केनानला सांगतच नाही आणि एकटा जातो. त्या जेवणावरचे संभाषण फार दीर्घ आहे. तिथे नुराय त्याला प्रश्न विचारते. तू जगासाठी काय करतोस, तुझ्या तक्रारींपलीकडे तू कोण आहेस, असा त्या प्रश्नांचा रोख आहे. पाहायला आलेला मनुष्य स्वतःच पाहिला जाऊ लागतो, आणि त्याची अस्वस्थता आपण मिनिटामिनिटाने अनुभवतो. नुरायची भूमिका करणाऱ्या मेर्वे दिझदार यांना कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, त्याचे मला नवल वाटले नाही.

सामेत हौशी छायाचित्रकारही आहे. गावातल्या माणसांची त्याने काढलेली छायाचित्रे मधूनमधून पडद्यावर स्थिर उभी राहतात. बर्फावर उभा मेंढपाळ, दारातली आजी, लाल गालांची मुले. ती छायाचित्रे अतिशय सुंदर आहेत. आणि ज्यांची ती आहेत त्यांच्याविषयी हाच मनुष्य तुच्छतेने बोलतो, वर्गातल्या मुलांना पुढे काय होणार आहे तुमचे, असे सुनावतो. चांगले छायाचित्र काढता येणे आणि माणूस दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जेलान कुठेही बोलून दाखवत नाहीत. ते स्वतः मूळचे छायाचित्रकार आहेत, म्हणून हे त्यांना आतून ठाऊक असावे.

हा चित्रपट मला परका वाटला नाही, याचे एक कारण माझे बालपण अहेरीत गेले हे आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा मी शाळेत होते. वडिलांचे कापडाचे दुकान होते आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने शिक्षक राहत. 'गडचिरोलीला बदली' हे शब्द तेव्हाही शिक्षेसारखे उच्चारले जात, आजही जातात. तिकडे बर्फ वाट अडवतो. आपल्याकडे पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा रस्ता बंद होतो. वाट अडलेल्या माणसाच्या मनाचे हवामान मात्र दोन्हीकडे सारखेच. आमच्या भाडेकरूंपैकी एक गुरुजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजचा दिवस खोडून ठेवत. दुसरे गुरुजी रविवारी दुकानात येऊन बसत आणि गिऱ्हाइकांकडून माडिया बोलीतले शब्द विचारून वहीत लिहून घेत. दोघांचेही पगारपत्रक सारखेच होते, खोलीही सारखीच होती. पण पहिल्यांना तीन वर्षांत अहेरी दिसली नाही, आणि दुसऱ्यांना बदलीचा कागद आला तेव्हा त्यांना निरोप द्यायला आसपासच्या पाड्यांवरून माणसे आली होती. वडील म्हणत, "डोळे सगळ्यांनाच असतात, बसण्याची तयारी हवी."

बसण्याची तयारी! संथ चित्रपट आपल्याकडून तीच मागतो. पुष्कळ जण म्हणतात, त्यात काही घडतच नाही. वस्तुतः आपल्या भागाला दीर्घ बैठकीचे वावडे कधीच नव्हते. दिवाळीनंतर धान घरात आले, की वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र गजबजते आणि गावोगावी मंडप पडतात. रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते, आणि थंडीत घोंगडी पांघरून लोक ते शेवटपर्यंत पाहतात. सामायिकाला बसणाऱ्या आपल्या आजीला अठ्ठेचाळीस मिनिटे स्वस्थ बसणे जड जात नसे. जड जाते ते आपल्याला, कारण बोटाने सरकवत पाहण्याची सवय डोळ्यांना लागली आहे. स्थळेही आपण आता तशीच सरकवतो.

दुसरा चित्रपट जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ'. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तो चित्रित झाला आणि त्यातले कलावंत व्यावसायिक नट नसून आपल्याच भागातली माणसे आहेत. २०२३ साली टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि ७ मार्च २०२५ रोजी तो चित्रपटगृहांत आला. नायिका सविता महाविद्यालयात शिकते, तिला पुढे शिकायचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. वडील कापूस पिकवणारे शेतकरी. भाव आणि लग्न या दोन काळज्यांमध्ये ते पिचलेले. नंदिनी चिकटे या मुलीने सविता उभी केली आहे, अगदी थोड्या शब्दांत.

चित्रपटाची सुरुवात तिच्या स्वप्नाने होते. स्वप्नात बायका ओळीने बसल्या आहेत, मुलाला समोर बसवले आहे आणि त्याला प्रश्न विचारले जात आहेत. प्रेक्षक हसतात. मग ती जागी होते आणि खरा कार्यक्रम सुरू होतो. पाहुणे, चहा-पोहे, मधोमध बसलेली मुलगी. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते. मुलगी उठून गेली, की पुरुषमंडळी पीकपाण्याच्या गोष्टींकडे वळतात. थोड्या वेळाने दुसरे पाहुणे, तीच बैठक, तेच प्रश्न. मग पुन्हा. दिग्दर्शकाला हे एका गाण्यात, चार झलकांत उरकता आले असते. त्यांनी ते उरकले नाही. प्रत्येक वेळी तिच्याबरोबर आपल्यालाही तिथे बसवले. शेवट मी सांगत नाही. तो तिथपर्यंत बसून पोहोचलेल्यांसाठी आहे.

हा चित्रपट आम्ही चंद्रपुरात सहकुटुंब पाहिला. माझी धाकटी बहीण, भाऊजी, त्यांची मुलगी आणि मी. पहिल्या बैठकीला चित्रपटगृहात खूप हशा झाला. आपली बोली, आपले अंगण, आपल्यासारखीच माणसे पडद्यावर पाहून येतो तसा. दुसऱ्या बैठकीला हशा कमी झाला. त्यानंतर आमच्या रांगेत तरी कुणी हसले नाही.

माझी भाची बी. फार्म. झाली आहे आणि नोकरी करते. दोन वर्षांत तिचे नऊ कार्यक्रम झाले. एका ठिकाणी उंची आड आली, एका ठिकाणी नोकरी. बाकीच्यांनी 'कळवतो' म्हटले. 'कळवतो' या शब्दाचा अर्थ मुलीच्या घरात सगळ्यांना कळतो, तरी पंधरा दिवस फोन वाजला की सगळे एकमेकांकडे बघतात. चित्रपट पाहून घरी आल्यावर ती मला म्हणाली, "मावशी, नकाराचं मला फारसं काही वाटत नाही गं. पण नऊ घरांतल्या एकानेही मला असा प्रश्न विचारला नाही, ज्याचं उत्तर बायोडाट्यात नव्हतं."

भाऊजी ऐकत होते. ते मितभाषी गृहस्थ आहेत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हिच्या आईला पाहायला मी गेलो, तेव्हा मीही काही विचारलं नव्हतं. माझे काकाच बोलत होते." बहीण हसून म्हणाली, "मग तुम्ही काय पाहिलंत?" त्यावर त्यांना उत्तर देता आले नाही. तीस वर्षांचा त्यांचा संसार सुखाचा झाला आहे, हे खरे. पण तो त्या अर्ध्या तासामुळे झाला, असे त्यांनाही म्हणता येईना.

त्यानंतर भाचीने एक अट घातली. मुलाकडच्यांनी यावे, अवश्य यावे. पण त्याआधी एकदा आम्ही त्यांच्या घरी जाऊ, निम्मा दिवस थांबू, आणि तिथे मीही विचारीन. आई-वडिलांशी तो कसा बोलतो, घरातल्या कामाला हात लावतो का, कशावर चिडतो, हे मला पाहायचे आहे. भाऊजींनी अट मान्य केली आणि पुढच्या दोन स्थळांना तसे कळवले. दोघांनीही नम्रपणे नकार दिला. एका घरून उत्तर आले, "आपल्यात अशी पद्धत नाही."

बहिणीची झोप उडाली आहे. मुलीला या कार्तिकात अठ्ठाविसावे संपेल. ती मला विचारते, "ताई, हा तिचा हट्ट नाही ना? हट्टापायी चांगली स्थळं हातची जातील का गं?" यावर ठाम उत्तर माझ्यापाशी नाही. पद्धत मोडणाऱ्याला किंमत द्यावी लागते आणि ती किंमत या घरात मुलगी मोजते आहे, मी नाही. म्हणून तिला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र मी बहिणीला सांगितले, की तिची मागणी मोठी नाही. ती श्रीमंती मागत नाही, नोकरीचे ठिकाण मागत नाही. ती वेळ मागते आहे.

आणि तो वेळ मुलीइतकाच मुलालाही लागतो. त्या तुर्की शिक्षकाचा मला शेवटी राग आला नाही, कीव आली. चार वर्षे एका गावात राहून, त्या माणसांची इतकी सुंदर छायाचित्रे काढून, निघताना त्याच्यापाशी फारसे काही नव्हते. बर्फ वितळतो आणि तिथले गवत हिरवे होते न होते तोच पिवळे पडते. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या कुणालाही ते गवत ओळखीचे वाटेल. आपल्या मुलांनाही आपण असेच पाठवतो. काका बोलतात, मामा उंची विचारतात, मुलगा पोह्याच्या बशीकडे बघत बसतो, आणि घरी परतल्यावर त्याला विचारतो, "पसंत आहे का?" त्याने काय पाहिले असते, म्हणून तो उत्तर देणार?

परिचय संमेलनांचे उपयोग मी नाकारत नाही. विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र आणण्याचे काम ती करतात आणि कार्यकर्ते त्यासाठी खपतात. पण व्यासपीठावर प्रत्येकाला मिळणाऱ्या दोन मिनिटांत नाव, शिक्षण, पगार आणि गोत्र यांपलीकडे काही सांगता येत नाही. दुपारी जेवणानंतर दोन तास मोकळे ठेवावेत, मुला-मुलींना आणि त्यांच्या आई-वडिलांना निवांत बोलू द्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. ध्वनिक्षेपक तेवढा वेळ बंद ठेवला तरी चालेल. आणि घरी पाहायला जाणाऱ्या वाचकांना विनंती, की बायोडाटा आधीच वाचून जावे, म्हणजे त्यातले प्रश्न विचारण्यात वेळ जाणार नाही. तिथे गेल्यावर मुलीलाही म्हणावे, आता तू विचार.

भाचीचा पुढच्या संमेलनाचा अर्ज भरून गेला आहे. 'अपेक्षा' या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली आहे: आधी आपल्या घरी बोलवावे. अर्ज टपालात टाकण्यापूर्वी बहिणीने ती ओळ दोनदा वाचली, आणि तशीच ठेवली.