चुलीतले पाय

चेन्नईस आमची बदली झाली तेव्हा ती आम्ही तात्पुरतीच मानली. चार वर्षे झाली, तरी दोन ट्रंका अद्याप बांधलेल्याच आहेत. गावी असताना हौसेने नाटके बसविणारे आम्ही. परंतु येथील मराठी मंडळींनी गणेशोत्सवासाठी विचारले की, 'पडदे नाहीत, पैसे नाहीत' असे ठरीव उत्तर देतो. तरतुदीवाचून पाऊल टाकू नये, हे सरकारी कारकुनाच्या अंगी मुरलेलेच असते.

गेल्या रविवारी शेजारच्या तेलुगू आजोबांनी आम्हांस १९७८ चा 'जगन्मोहिनी' हा चित्रपट दाखविला. त्यातील हडळ सरपणाऐवजी स्वतःचेच पाय चुलीत सारते! आम्ही हसलो. आजोबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "हा विठ्ठलाचार्यांचा चित्रपट आहे."

बी. विठ्ठलाचार्य उडुपीकडचे. जन्म १९२० चा. आरंभी कन्नड चित्रपट काढून ते मद्रासेस आले आणि तेलुगूत रमले. 'बंदिपोटु' (१९६३), 'अग्गि पिडुगु' (१९६४) यांत एन. टी. रामाराव नायक होते. पण पुढे मोठे नट नसले तरी मांत्रिक, सांगाडे आणि राक्षस यांच्या बळावर त्यांनी चित्रगृहे भरविली. पैसा बेताचा, युक्ती मात्र अमाप. कॅमेरा थांबवावा, माणूस बाजूला करून तेथे बोकड उभा करावा, पुन्हा कॅमेरा सुरू करावा, की झाला चमत्कार! एखादा नट अडून बसला, तर कथेत शापाने त्याचा बोकड करून ते चित्रण पुढे रेटीत, अशी आख्यायिका आहे. जाणकारांनी नाके मुरडली. लोकांनी त्यांना 'जानपद ब्रह्मा' म्हटले. १९९९ साली याच नगरीत त्यांचे निधन झाले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तेही परगावचेच होते, आणि हाताशी जे होते तेवढ्यावरच त्यांनी काम चालविले. सरपण नसल्याची सबब त्यांच्या हडळीनेसुद्धा सांगितली नाही. आम्ही मात्र चार वर्षे तीच सांगत आलो.

सोमवारी मंडळींना होकार कळविला. पडद्यांसाठी सौभाग्यवतींनी दोन जुनी लुगडी काढून दिली. ती बांधलेल्या ट्रंकेतच होती. आमचे नायक वारंवार दौऱ्यावर असतात. ऐन वेळी ते न आल्यास काय करावयाचे, हे आम्ही मनाशी ठरवून ठेविले आहे.