खुब्याचा सातबारा

म्हातारपणी हाती काठी आली तर कोणी नवल करीत नाही. चाळिशीच्या आत आली की सारे गाव चौकशी करते. आमच्या उदगिरात माझ्या भाच्याला याचा अनुभव आला. त्याच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळेनासे झाले आणि गोळा खचला. "मामा, सांधा बदलायचा म्हणतात. किती वर्षे टिकेल हो?" हा त्याचा पहिला प्रश्न.

प्रश्न साधा, पण उत्तर नुसत्या वर्षांत देता येत नाही. बैलगाडीचा आस दिवसांनी झिजत नाही, फेऱ्यांनी झिजतो. खुब्याचेही तसेच. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नली यांनी पोलादी गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी अशी जोडी बसवली. म्हाताऱ्यांच्या संथ पावलांना ती पुरली. तरुणांची पावले मात्र वाटी लवकर झिजवीत. झिजेचे कण भोवतालचे हाड पोखरीत आणि सांधा सैल होई.

म्हणून धावत्यापळत्या माणसांसाठी धातूवर धातू फिरणारे सांधे पुढे करण्यात आले. ते सगळेच वाईट निघाले असे नाही. पण त्यांतला डीप्यू कंपनीचा 'एएसआर' सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते, भोवतालचे मांस खराब होत होते. दुकानातली वस्तू परत करता येते. हाडात बसलेली कशी करावी? आपल्या देशात तो हजारोंना बसला होता. भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले, आणि तोवर पुष्कळ रुग्णांचा मागच लागला नव्हता.

आज सुधारलेले पॉलिथिलीन आणि सिरॅमिकचा गोळा ही जोडी पुष्कळच कमी झिजते. तरी आपल्या माणसाला धावण्यापेक्षा पंगतीत मांडी घालून बसायची, शेतात उकिडवे बसायची ओढ अधिक. आणि फार वाकवला, पिळला तर नवा खुबा निखळण्याचे भय असते. म्हणून मी भाच्याला म्हटले, "सांधा किती नवा आहे ते विचारू नकोस. तो किती वर्षे लोकांच्या अंगात चालला आहे ते विचार. आणि तू दिवसभर काय करतोस, कसा बसतोस, ते डॉक्टरांना नीट सांग."

त्याने तसेच केले. आता तो चालतो. जेवायला खुर्ची घेतो. सांध्याचे नाव, माप आणि क्रमांक असलेली चिठ्ठी माझ्या बहिणीने सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवली आहे. जमिनीइतकाच तोही आता त्याच्या मालकीचा आहे.